प्रमाण

मेण एक भाग, भिरंडेल एक भाग, तेल एक भाग.
ज्यानं हे लिहून ठेवलं
त्याच्या गावात एप्रिल नसणार.

इथे विडी घरकुलात, पत्र्याखाली,
सकाळी साडेदहालाच खोबरेल पाण्यासारखं हलतं,
आणि पहिल्या खेपेच्या सहा वड्या
दुपारपर्यंत बशीभर होऊन बसल्या,
मुंग्या काठाशी थांबून विचार करत.

दुसऱ्या खेपेला मेण दीडपट.
पिवळं मेण, बार्शीकडच्या माणसाचं,
फडक्यातून तीनदा गाळलं तरी
एक पंख राहिलाच तळाशी.
तेल करडईचं, घाण्यावरून आणलेलं, बाटली अजून कोमट.
भिरंडेल सिव्हिलातल्या परब सिस्टरांनी दिलेलं;
कुडाळहून येताना त्या आणतात टाचांसाठी,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले अंड्याएवढे गोळे.
पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी,
गॅस बारीक, इतका की फुंकरीनं जाईल.
साचा म्हणून इडलीपात्र.
पेद्दम्मा म्हणाली, आणि रविवारी काय खायचं?

पेद्दम्माचे हात.
एक्केचाळीस वर्षं, दिवसाला आठशे, कधी हजार.
पान भिजवायचं, फर्मा ठेवून कापायचं,
चिमूटभर तंबाखू, वळी, दोरा,
नखानं तोंड मुडपायचं.
उजव्या तर्जनीला तीन भेगा.
कुठली थंडीतली, कुठली बारमाही,
न बघता सांगते.

तेल का नाही लावत, मी लहानपणी विचारायचे.
तेलकट बोटात पान घसरतं, बाई.
डाग दिसला की कारखान्यात छाट,
शंभरातल्या पाच-सहा बाजूला.
पैसे मिळत नाहीत,
विड्या मात्र ते ठेवून घेतात.

म्हणून वडी.
वडी सांडत नाही, ओघळत नाही,
हातावर फिरवली की आधी अंगची ऊब मागते
आणि उबेपुरतंच देते.
रात्री, सूप भिंतीला टेकवून झाल्यावर.

तिसऱ्या खेपेला मेण दोन भाग झालं.
वडी फरशीवर गोटीसारखी उडाली.
शेजारच्या यल्लूबाईनं कपाळाला घासून बघितली,
म्हणाली, याची चप्पल कर.
चौथी पावणेदोनची.
सगळं लिहून ठेवते मी
पेद्दम्माच्या जुन्या पासबुकाच्या मागच्या पानावर,
पुढच्या पानांवर तिच्या विड्यांचे आकडे.

त्याच आठवड्यात ती रेशनला गेली.
अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
दुकानदार म्हणाला, पुसून ठेवा.
पदराला पुसला. पुन्हा प्रयत्न करा.
मग डावा, मग मधलं बोट, मग सगळी बोटं एकेक करून,
मागे रांग, रांगेत निम्म्या तिच्याच कारखान्यातल्या,
आपापले अंगठे साडीला घासत उभ्या.

रिकामी पिशवी घेऊन परत आली.
पाणी प्यायली, पत्र्याखाली आडवी झाली,
उशाशी होती ती वडी मुठीत धरून
तशीच झोपली, साडेतीनच्या उन्हात.

उठली तेव्हा वडीला अंगठ्याचा खळगा.
मी दारात नेऊन उजेडाला तिरपी धरली,
रेषा शोधल्या.
एकही नव्हती.
चमच्याच्या पोटासारखा गुळगुळीत खळगा,
एका बाजूला जरा खोल,
ज्या बाजूनं ती पान दाबते.

"मऊच आहे अजून," मागून म्हणाली, "मेण वाढव."

वाढवलं. पाच वड्या पुन्हा वितळवल्या,
सहावी नाही.
ती तांदळाच्या डब्यामागे आहे, थंड जागी.

रविवारच्या इडल्यांना जरासा मधाचा वास आला.
कुणी काही बोललं नाही.
पेद्दम्मानं पाच खाल्ल्या.